सेतू-आठची मंजुरी

गतिसेतू नेटवर्क्स या कंपनीत कोड तपासायची एक पद्धत होती. ज्यानं कोड लिहिला त्यानं तो सगळ्यांसमोर ठेवायचा, दोघातिघांनी वाचायचा, शंका असतील तर शेरे लिहायचे आणि सगळं नीट असेल तर अंगठ्याच्या खुणेवर क्लिक करायचं. यातलं शेवटचं कलम कंपनीत फार मनापासून पाळलं जाई. मधली कलमं ऐच्छिक होती. दर तिमाहीला 'सर्वांत चपळ समीक्षक' म्हणून काचेचा एक चषक मिळायचा. मागच्या वेळी ज्याला तो मिळाला त्यानं आठशे ओळींचा कोड चाळीस सेकंदांत मंजूर केला होता. त्यातले तीस सेकंद आपलं इंटरनेट बंद होतं, असं त्यानंच भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या.

कंपनी वागळे इस्टेटमध्ये, एका बोल्टच्या कारखान्याच्या डोक्यावर. कारखान्याचं प्रेस मशीन दणके द्यायचं तेव्हा वरच्या कॉन्फरन्स रूममधल्या पाण्याच्या बाटल्या टेबलावरून हळूहळू सरकत कडेला यायच्या. जोडणीच्या धंद्यातली कंपनी होती ती. एका इमारतीतले कॉम्प्युटर दुसऱ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरशी बोलावेत म्हणून लागणारे डबे बनवायची. नवा डबा होता सेतू-आठ, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक होतं कल्याणचं एक खासगी हॉस्पिटल.

मेघना गमरे तिथं सहा वर्षं होती. डोंबिवलीशेजारी कोपरला राहायची, वडील शिवराम गमरे खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. मेघनाला एक वाईट खोड होती. तिच्यासमोर काही वाचायला ठेवलं तर ती ते वाचायची.

एका मंगळवारी सकाळी तिच्याकडे सेतू-आठच्या ड्रायव्हरचा कोड आला. डब्याच्या आतल्या नेटवर्कच्या चिपला कामाला लावणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. चौदाशे ओळी. लिहिणारा साईनाथ, कंपनीचा लाडका मुलगा, हुशार, भराभर लिहिणारा. दोघांचे अंगठे आधीच पडले होते, एक तीन मिनिटांत, दुसरा साडेतीन. तिसरा मेघनाचा हवा होता, कारण तो भाग कागदोपत्री तिच्या ताब्यात होता. सोबत तिचे वरिष्ठ, विनीत सर, यांचा निरोप: 'फक्त एक अंगठा पाहिजे. शुक्रवारी कल्याणला बसवायचंय.'

मेघनानं चहा घेतला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

बुधवारी दुपारी ती नऊशे बाराव्या ओळीला आली आणि थांबली. तिथं तार जोडल्यावर होणाऱ्या बोलणीचा भाग होता. दोन यंत्रांमध्ये तार जोडली की ती आधी एकमेकांना विचारतात: तुला किती वेगानं बोलता येतं? एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं, की आळीपाळीनं? दोघांना जमेल असं सगळ्यांत चांगलं जे असेल ते दोघं ठरवतात आणि मग कामाला लागतात. याला ऑटोनिगोशिएशन म्हणतात. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचा मामला, पण दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत बोललं पाहिजे.

साईनाथचा ड्रायव्हर दोन सेकंद थांबत होता. तेवढ्यात बोलणी आटोपली तर ठीक. नाही आटोपली तर तो बोलणंच बंद करायचा आणि स्वतःच ठरवून टाकायचा: शंभरचा वेग, एकाच वेळी बोलणार आणि ऐकणार. समोरच्याला काही न सांगता. आता समोरच्या यंत्राला नियम असा, की पलीकडचा काही बोलतच नसेल तर वेग ओळखून घ्यायचा, पण सावधगिरी म्हणून आळीपाळीनंच बोलायचं. म्हणजे एक टोक बेधडक बोलत सुटणार आणि दुसरं टोक समोरचा गप्प होईपर्यंत वाट बघणार, मध्येच टक्कर झाली की बोललेलं सोडून देणार. दोन्हीकडचे हिरवे दिवे मात्र झकास लागणार. त्या ओळीवर साईनाथनं लिहून ठेवलं होतं: 'तात्पुरतं. नंतर बघू.'

मेघनानं सतरा शेरे लिहिले. बाकीचे सोळा किरकोळ होते. या एकाखाली तिनं दुरुस्तीच्या चार ओळी दिल्या आणि लिहिलं, 'हे असं पाठवलं तर चालल्यासारखं दिसेल आणि चालणार नाही.'

अर्ध्या तासात तिला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावणं आलं.

विनीत सर पुण्याहून व्यवस्थापनाचा कोर्स करून आले होते आणि त्यांचं मराठी जेमतेम क्रियापदांपुरतं शिल्लक होतं. साईनाथ शेजारी मोबाइल बघत बसला होता.

"मेघना, अगं सतरा?" विनीत सर म्हणाले. "सेवन्टीन कॉमेंट्स? टीमला काय मेसेज जातो याने?"

"सर, मेसेज एकच आहे. नऊशे बारावी ओळ."

"साईनाथ, चालतंय ना ते?"

"माझ्या टेबलावर चालतं," साईनाथ म्हणाला. "मी स्वतः टेस्ट केलंय यार. शंभर वेळा."

"तुझ्या टेबलावरचा नेटवर्क स्विच नवा आहे," मेघना म्हणाली. "तो दीड सेकंदात उत्तर देतो. हॉस्पिटलमध्ये जुनं सामान असतं. त्याला तीन सेकंद लागले तर?"

"तर फॉलबॅक आहे ना, पर्यायी सोय! त्याच्यासाठीच तर लिहिलेला मी."

"तो फॉलबॅकच तर चुकलाय, साईनाथ. तू समोरच्याला न विचारता ठरवतोयस."

खालच्या प्रेसनं दणका दिला. एक बाटली सरकत टेबलाच्या टोकाला आली. विनीत सरांनी न बघता ती परत मध्ये ठेवली. त्यांना सवय होती.

"मला एक सांग," ते म्हणाले. "हिरवा दिवा लागतो का?"

"लागतो. पण..."

"लागतो ना? मग क्लायंटला काय दिसणार? हिरवा दिवा. आपण मालाला परफेक्ट करत बसलो तर माल जाणार कधी? तू थोडी मोठ्ठी पिक्चर बघायला शिक."

"मी अंगठा देणार नाही, सर. ती ओळ बदला, पाच मिनिटांत देते."

विनीत सर हसले. समजूतदार माणूस हसतो तसे.

संध्याकाळी मेघनानं पाहिलं तर कोड मंजूर झाला होता. तिचं नाव त्या भागाच्या यादीतून निघालं होतं आणि तिसरा अंगठा सोनलचा होता. सोनल एचआरमध्ये होती. कंपनीत रजेचे अर्ज आणि कोडची मंजुरी एकाच सॉफ्टवेअरमधून चालायची, त्यामुळे सोनलला क्लिक करता येत होतं. तिनं शेराही लिहिला होता: 'खूप छान. कीप इट अप.'

"अगं, मला विनीत सर म्हणाले, एक अप्रूव्हल पेंडिंग आहे," दुसऱ्या दिवशी सोनल म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "मला वाटलं कोणाची तरी रजा आहे."

घरी मेघना तीन दिवस धुमसत होती. आईनं विचारून पाहिलं. शेवटी रविवारी सकाळी शिवरामनी पेपर बाजूला ठेवला.

"काय झालं ते सांग तरी, बाय."

तिनं सांगितलं. तारा, बोलणी, दोन सेकंद, सोनल. शिवरामना निम्मं कळलं, पण सोनलचं पूर्ण कळलं.

"आमच्याकडे पण होतं असं," ते म्हणाले. "एकदा गर्दीच्या सीझनला महाडला गाडी कमी पडली. फोरमन म्हणाला, ब्रेक मी बघितलाय, तू सही मार. मी मारली."

"मग?"

"मग काय? काही झालं नाही. गाडी गेली, आली. बत्तीस वर्षं झाली त्याला."

"म्हणजे सही करायला हवी होती मी?"

"तसं कुठे म्हटलं मी?" शिवराम चिडले. "महाडच्या गाडीत मी अजून बसत नाही. तुझ्या आईला विचार. तिकडच्या सगळ्या लग्नांना पनवेलहून गाडी बदलून जातो."

"खरंय ते," आतून रमाबाई म्हणाल्या. "आणि कारण विचारलं तर पाय दुखतो म्हणतात."

सेतू-आठ शुक्रवारीच कल्याणला बसला होता. हिरव्या दिव्यासमोर उभं राहून विनीत सरांनी फोटो काढला होता. मंगळवारी हॉस्पिटलमधून पहिला फोन आला. तळमजल्यावर एक्स-रे काढतात, दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर बघतात. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला फोटोला अठरा मिनिटं लागत होती. विनीत सरांनी कळवलं की वापर वाढल्यावर सिस्टीम सेटल होईल. गुरुवारी बावीस मिनिटं लागली. सिस्टीम सेटल होत होती ती अशी.

शुक्रवारी त्यांनी मेघनाला बोलावलं.

"तू डोंबिवलीला राहतेस ना? तुला जवळ पडेल. जाऊन तार बदलून ये."

"सर, तार नाहीये ती. तुम्हालाही माहितीये."

"तार बदल," ते म्हणाले. "आणि कोणी विचारलं तर तारच होती. ओके?"

"साईनाथला का नाही पाठवत?"

"साईनाथ सेतू-सोळावर आहे. त्याला डिस्टर्ब नको करायला."

कल्याणचं ते हॉस्पिटल चार मजल्यांचं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुंडी असलेलं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती. कडेला एक म्हाताऱ्या बाई व्हीलचेअरवर होत्या; बाथरूममध्ये घसरून पडलेल्या. त्यांची सून दर मिनिटाला आत डोकावून विचारत होती, "गेला का हो फोटो वर?"

खोलीत धाकू होता. हॉस्पिटलचा जुना वॉर्डबॉय, पन्नाशी उलटलेला, गळ्यात दोरीला बांधलेला पेन ड्राइव्ह.

"तुमी डब्यावाल्या?" त्यानं मेघनाला विचारलं.

"हो. तुमच्या गळ्यात काय आहे, मामा?"

"यो? यो आमचा डबा." धाकूनं पेन ड्राइव्ह वर करून दाखवला. "तुमच्या डब्यातून फोटो जाईपर्यंत पेशंटचा हाड आपला आपला जुळंल. मंग मीच नेतंय. दोन जिने, साडेतीन मिंटं. परवा मना धाप लागली, तवा पाच लागली."

"दिवसातून किती वेळा?"

"काल चाळीस फेऱ्या झाल्या. डॉक्टर बोलला, धाकू, तुझं वजन उतरलं."

मेघनाला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. ती खाली बसली. तिनं तार बदलली, कारण ते सांगितलं होतं. फोटो पाठवून पाहिला. वीस मिनिटं दाखवत होतं. दोन्हीकडचे दिवे हिरवे.

"दिवा झकास हाय बगा," धाकू म्हणाला. "रातचा बल्ब लावायला नको."

मग तिनं लॅपटॉप जोडला. हॉस्पिटलचा जुना स्विच भिंतीवरच्या कपाटात होता, धूळ खात, बारा वर्षांचा. त्याच्या ज्या दारात डब्याची तार जोडली होती, तिथं काय काय झालं याची नोंद तिनं उघडली. वेग शंभर, पद्धत आळीपाळीची. टकरा चार लाख अकरा हजार. आपल्या डब्याच्या बाजूनं बघितलं: वेग शंभर, पद्धत एकाच वेळी दोन्हीकडून. टकरा शून्य, पण समोरून आलेली माहितीची फाटकी पाकिटं हजारोंनी. तिनं आठवडाभर आधी जे लिहिलं होतं, अगदी तेच. बरोबर ठरल्याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं. बाहेरून त्या सुनेचा आवाज आला, "गेला का हो?" आणि आनंद काही झाला नाही.

तिनं डब्याला हाताने हुकूम दिला: पुन्हा बोलणी सुरू कर आणि समोरचा बोलून संपेपर्यंत थांब. दिवे विझले. धाकूनं आपोआप पेन ड्राइव्हला हात घातला. साधारण तीन सेकंदांनी दिवे पुन्हा लागले.

"आता पाठवा," ती ऑपरेटरला म्हणाली.

फोटो चार सेकंदांत गेला. वरून डॉक्टरांचा फोन आला की चुकून दोनदा पाठवू नका, आलाय.

धाकूनं गळ्यातली दोरी काढली, बघितली आणि पुन्हा घातली. "आज टिकंल, उद्या टिकंल का?" त्यानं विचारलं.

"नाही टिकणार, मामा," मेघना म्हणाली. "लाइट जाऊन आली की डबा पुन्हा तसाच वागेल. आतला प्रोग्राम बदलावा लागेल."

दारात कुणीतरी उभं होतं. कलावती मॅडम, हॉस्पिटलच्या व्यवस्थापक. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, पूर्वीच्या मेट्रन. त्यांच्यासमोर सर्जनही शर्टाची बटणं तपासून घेत.

"काय होतं?" त्यांनी विचारलं. "तुमचे साहेब फोनवर म्हणाले, आमची तार जुनी आहे."

मेघनाच्या हातात जुनी तार होती. चांगली होती ती. मागच्याच वर्षी टाकलेली.

"तार ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. "दोष आमच्या डब्यात आहे."

"आज लक्षात आलं?"

इथं मेघनाला हो म्हणता आलं असतं. हो हे एक अक्षर होतं आणि त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"नाही. बसवायच्या आधी मी लिहून दिलं होतं. ते बाजूला ठेवून मंजुरी झाली."

"कुणाची मंजुरी?"

"शेवटची एचआरची."

"म्हणजे उद्या माझ्याकडे एखाद्या भूलतज्ज्ञानं भूल द्यायला नाही म्हटलं," त्या म्हणाल्या, "तर मी कॅन्टीनवाल्याला बोलवायचं?"

"मला एवढंच सांगता येईल की दुरुस्ती पाच मिनिटांची आहे."

"मग ती आठवडाभर माझ्या वॉर्डबॉयच्या गुडघ्यांनी का केली?" मॅडम म्हणाल्या. "जे तुम्ही लिहून दिलं होतं ते मला पाठवा. जसंच्या तसं."

"ते मला नाही पाठवता येणार. कंपनीचं आहे. पण तुम्ही साहेबांकडे लेखी मागू शकता. ते आहे, हे मी सांगितलंय."

मॅडमनी तिथंच उभं राहून, मोबाइलवरून, लेखी मागितलं.

सोमवारी वागळे इस्टेटमध्ये 'मूळ कारण शोध बैठक' झाली. दीड तास चालली. फळ्यावर माशाच्या काट्यासारखं चित्र काढलं गेलं आणि प्रत्येक काट्यावर एकेक कारण लिहिलं गेलं: गिऱ्हाइकाचं जुनं सामान, कमी वेळ, दमट हवा. मेघनानं सांगितलं की मूळ कारण नऊशे बाराव्या ओळीवर आहे आणि ते आधीच सापडलेलं होतं. विनीत सरांनी ते फळ्यावर 'संवादाचा अभाव' असं लिहून घेतलं. अभाव कुणाचा हे काट्यावर मावलं नाही.

दुरुस्ती त्याच दिवशी झाली. ती साईनाथनं केली, म्हणजे मेघनानं शेऱ्यात लिहिलेल्या चार ओळी तिथून उचलून कोडमध्ये टाकल्या. मंगळवारी कल्याणला नवा प्रोग्राम चढला. बुधवारी हॉस्पिटलचं पत्र आलं, की यंत्रणा सुरळीत आहे, आणि पुढचे डबे घेताना प्रत्येक मंजुरी कुणी दिली आणि तो माणूस काय काम करतो, हे आम्हाला लेखी हवं. विनीत सरांनी त्या पत्रातला फक्त पहिला भाग सगळ्यांना पाठवला. विक्रमी वेळात गिऱ्हाइकाचा प्रश्न सोडवल्याबद्दल साईनाथला त्या तिमाहीचा चषक मिळाला. मेघनाच्या वार्षिक मूल्यमापनात आलं: 'तांत्रिक ज्ञान उत्तम. गिऱ्हाइकासमोर गरजेपेक्षा जास्त खरं बोलतात. संघभावना सुधारायला वाव.' ते तिला वाचून दाखवण्याचं काम सोनलचं होतं. सोनलनं दुसरं वाक्य खाली मान घालून वाचलं.

"मी त्यांना म्हटलं होतं की हे असं लिहिता येत नाही," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू अप्रूव्ह कर फक्त."

"केलंस?"

"नाही गं," सोनल म्हणाली. "यावेळी वाचलं मी. पेंडिंग ठेवलंय."

ते आजही पेंडिंग आहे, असं म्हणतात.

बक्षीस समारंभाच्या दुसऱ्या दिवशी साईनाथ मेघनाच्या टेबलाशी आला. तिच्या स्टेपलरशी खेळला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हसणार नाहीस ना?"

"बघू."

"ते आळीपाळीनं बोलणं, म्हणजे हाफ डुप्लेक्स... मला ना, ते नीट माहितीच नव्हतं. मी कॉलेजमध्ये परीक्षेपुरतं केलेलं. पलीकडचा आपणहून हाफवर जातो, हे मला तू लिहिल्यावरच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"विनीत सरांसमोर? त्यांनी नुकतंच सगळ्यांना सांगितलेलं की साईनाथ एक्स्पर्ट आहे. एक्स्पर्ट माणसानं विचारायचं कोणाला?"

मेघनाला त्याचा खूप राग यायला हवा होता. थोडा आलाही. चाळीस फेऱ्या, म्हातारी बाई, चषक, सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि त्यातलं बरंचसं तिनं त्याला ऐकवलंही, आजूबाजूचे चार जण हेडफोन काढून ऐकतील इतक्या मोठ्यानं. साईनाथनं ऐकून घेतलं. मधे बोलला नाही. खाली प्रेस दणके देत होतं.

तिचं संपल्यावर त्यानं शेजारची खुर्ची ओढली.

"सेतू-सोळाचा ड्रायव्हर लिहिलाय मी," तो म्हणाला. "दोन हजार ओळी आहेत. अजून कोणाला पाठवला नाहीये."

"मला चार दिवस लागतील."

"लागू देत."

"आणि तू इथंच बसायचं. मी प्रत्येक ओळीला विचारणार."

"बसतो," साईनाथ म्हणाला, आणि त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला. मेघनानं फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे कशासाठी आहे?"

साईनाथनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "माहीत नाही."

"छान," मेघना म्हणाली. "आता शोधू."